बोंबलाच्या दांडीवरचा अभ्यास

बोईसरला स्टेशनकडून तारापूरच्या रस्त्याला लागलं, की रिक्षा स्टँडसमोर एक मेडिकल आहे. पाटीवर नाव आहे, पण ती उन्हानं इतकी पांढरी पडलीय की नाव फक्त मालकांना, म्हणजे भगवंतकाकांनाच वाचता येतं, तेही पाठ असल्यामुळे. बाकी सगळं बोईसर त्याला ‘हेमांगीचं मेडिकल’ म्हणतं. आता दुकान काही हेमांगीचं नव्हे. पण वीस वर्षं काउंटरमागे जी बाई उभी दिसते तिचं दुकान, असा लोकांचा आपला साधा कायदा असतो. सरकारचा कायदा वेगळा आहे. त्याला भिंतीवर नोंदणीकृत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्रातला माणूस दुकानात हजर लागतो. तो माणूस म्हणजे भगवंतकाका. ते खुर्चीत बसून हजर असत, आणि हेमांगी उभी राहून.

हेमांगी मूळची दातिवऱ्याची. बाप होडीवर, आई काशीबाई मासळी सुकवून बाजाराला नेणारी. मुलगी बारावी सायन्स बऱ्या मार्कांनी पास झाली, पण तेवढ्यात लग्न ठरलं. नवरा दर्पण तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टला. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत दिवसा नवरा झोपलेला आणि बायको आवाज न करता भांडी घासतेय, असं वर्षभर चालल्यावर हेमांगी म्हणाली, “मी कुठेतरी जाते, तुम्ही नीट झोपा.” ती गेली ती भगवंतकाकांच्या काउंटरमागे. तेव्हापासून दर्पण नीट झोपतोय.

तिचं काम बघण्यासारखं. एखादा कारखान्यातला कामगार येऊन म्हणतो, “दीदी, वो पीला वाला पत्ता देना.” पिवळी पाकिटं दुकानात शे-दीडशे. ती विचारते, “जलन का या खुजली का?” आणि मग “चिठ्ठी है?” चिठ्ठी नसली की ज्याला चिठ्ठी लागते ते औषध मिळत नाही, मग तो हवी तेवढी चुळबुळ करो. मासवणहून नवसी येते, ती पदराच्या गाठीतून रिकामी स्ट्रिप काढते. तिला नाव ठाऊक नसतं, हेमांगीला स्ट्रिपची मागची बाजू पुरते. उजवा हात बिलाच्या कॉम्प्युटरवर चालू असतो, डावा आपोआप कपाटाकडे जातो, आणि बरोबर त्या खणातून तीच गोळी घेऊन येतो. डोळे सगळा वेळ गिऱ्हाइकावर.

भगवंतकाकांनी तिला पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. “काढताना एकदा वाच, देताना एकदा वाच. मोठ्यानं.” पहिलं वर्षभर तिला तो त्रास वाटला, पुढे तो अंगात गेला. आता घरी ती मिठाचा डबासुद्धा दोनदा वाचते. त्यावर लेबल नाही, तरी वाचते.

तर भगवंतकाका सत्तरी ओलांडून पुढे गेले आणि त्यांचे गुडघे तिथेच राहिले. मुलगा इंद्रजीत पुण्याहून रोज फोन करी, “बाबा, या आता इकडे.” एक दिवस काका हेमांगीला म्हणाले, “मी गेलो की माझं सर्टिफिकेट माझ्याबरोबर गेलं. मग शटर खाली. एकतर मी दुसरा कुणी फार्मासिस्ट आणून बसवतो, नाहीतर तू फार्मसीला जा.”

“काका, मी सदतीसची झाले.”

“मग काय, गोळीसारखी एक्स्पायरी डेट आहे का तुझ्यावर?”

झालं. पालघरकडच्या एका कॉलेजात डिप्लोमाला तिचं नाव लागलं. पहिल्या दिवशी ती साडी नेसून वर्गात शिरली, आणि साठ पोरं-पोरी उभी राहून म्हणाली, “गुड मॉर्निंग मॅडम.” हेमांगी म्हणाली, “बसा बसा.” सगळी बसली. मग ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. वर्ग बराच वेळ मागे वळून बघत होता. शेजारी रिद्धी नावाची अठरा वर्षांची मुलगी होती. ती हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही इन्स्पेक्शनला आलायत का?” तिथून दोघींची मैत्री जमली ती कायमची. काकूची ताई झाली, एवढाच फरक.

दोन वर्षं सकाळी कॉलेज, संध्याकाळी काउंटर. डिप्लोमा झाला. पेढे वाटले. आणि मग कळलं, की आता नुसत्या डिप्लोमावर नोंदणी होत नाही. वर एक एक्झिट परीक्षा आहे, कॉम्प्युटरवर, सगळी इंग्रजीत. तीन पेपर, प्रत्येकात निम्मे गुण, आणि तेही एकाच बैठकीत.

रिद्धी भडकली. “यांनीच शिकवलं, यांनीच पास केलं, आता परत विचारतायत, खरंच आलं का म्हणून.”

भगवंतकाका खुर्चीतून म्हणाले, “अगं, जिकडे बघावं तिकडे कॉलेज उभं राहिलंय. परीक्षा कॉलेजांची आहे, बसायचं तुम्हाला, इतकंच.”

पहिल्या खेपेस हेमांगीचं केंद्र ठाण्याला आलं. प्रश्न आला, चार पर्याय आले. उत्तर तिला पक्कं ठाऊक होतं: वरून दुसरा खण, डावीकडून चौथा खोका, निळी पट्टी. पण पर्यायांमध्ये खण नव्हते, रासायनिक नावं होती. आणि विचार करता करता तिचा डावा हात सवयीनं वर गेला. पर्यवेक्षिका लगबगीनं आल्या. “येस? काय प्रॉब्लेम?”

“काही नाही मॅडम.”

पाच मिनिटांनी हात पुन्हा वर. मॅडम पुन्हा हजर. असं सहा वेळा झालं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “ताई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? खाली मेडिकल आहे.”

एका पेपरात ती थोडक्यात नापास झाली. रिद्धीही गेली. एकट्या त्याच नव्हेत, वर्गातली निम्म्याहून जास्त मंडळी गेली. पास झालेल्यांचे फोटो घालून गेटवर मोठा फ्लेक्स लावायचा असं प्राचार्यांनी ठरवलं होतं. निकालानंतर तो फ्लेक्स नोटीस बोर्डावर मावला.

भगवंतकाकांनी इंद्रजीतला फोनवर सांगितलं, “आणखी एक परीक्षा थांबतो. त्यानंतर नाही रे.” हेमांगी शेजारीच बिल करत होती. तिनं बिल दोनदा वाचून गिऱ्हाइकाला दिलं.

रात्रभर विचार करून तिनं सकाळी आपला रोग शोधून काढला. “काका, मला खण आठवतात, पुस्तक आठवत नाही. मग पुस्तकच खणात ठेवते.” औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, त्यांच्या कोऱ्या बाजूवर तिनं रासायनिक नावं, वर्ग, गुण, दोष लिहिले आणि एकेक चिठ्ठी ज्या त्या खणात चिकटवली. आता डावा हात गोळीला गेला की डोळ्यांना चिठ्ठी दिसे. महिन्याभरात अर्धा अभ्यास गिऱ्हाइकं करतानाच झाला.

पण औषधी वनस्पतींचा विषय राहिला. सिंकोनाची साल, डिजिटॅलिसची पानं, हिरडा, बेलाडोना. ही मंडळी दुकानात राहत नाहीत, त्यांना खण नाही. मग हेमांगीनं त्यांना माहेरी पाठवलं.

दातिवऱ्याला काशीबाईच्या अंगणापुढे बोंबील सुकवायच्या बांबूच्या दांड्या आहेत, एकीवर एक चार. बोंबील तोंडात तोंड अडकवून त्यांवर टांगतात. हेमांगीनं रविवारी जाऊन पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी त्याच दांड्यांना लावल्या. वनस्पतीतला मुख्य घटक ज्या वर्गातला, तशी दांडी: सगळ्यात वरच्या दांडीला अल्कलॉइड, दुसरीला ग्लायकोसाइड, तिसरीला लवंग-बडीशेपेसारखी उडणारी तेलं, चौथीला हिरड्यासारखे तुरट टॅनिन. बोंबलांमधून सिंकोना डोकावायला लागला.

“आये, दर रविवारी येईन नि बघत बसेन. कुणाला हात लावू देऊ नको.”

“बोंबलाला का कागदाला?” काशीबाईनं विचारलं.

“कागदाला.”

“नि बोंबलाला कोणी हात लावला तं चालेल? वा गं माझी लेक.”

पण राखण तिनं चोख केली. बोंबील घ्यायला आलेली ठकी चिठ्ठी हातात धरून म्हणाली, “काशे, हा भाव लिवलाय का?” काशीबाई म्हणाली, “ती आमच्या हेमूची परीक्षा हाय. सोड, वाळू दे.”

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना एका दुपारी खाडीकडून वारा सुटला. चिमट्यांसकट बऱ्याच चिठ्ठ्या उडाल्या आणि बोंबील धुवायच्या टबात पडल्या. काशीबाईनं त्या एकेक वेचल्या, झटकल्या, आणि जन्मभराच्या शिस्तीप्रमाणे पुन्हा टांगल्या. जास्त ओलं ते वरच्या दांडीला, उन्हात. कमी ओलं ते खाली. अक्षर तिला येत नाही, पण ओल कळते. एकही चिठ्ठी हरवली नाही. फक्त डिजिटॅलिस फार भिजलं होतं, ते अल्कलॉइडच्या दांडीवर जाऊन बसलं, आणि बेलाडोना बराच कोरडा निघाला म्हणून हिरड्याशेजारी.

लेकीला तिनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही झालंय असं तिला वाटलंच नाही. चिठ्ठ्या होत्या, वाळल्या होत्या.

त्या शेवटच्या दोन रविवारी हेमांगी अंगणात बसून दांड्या पाठ करत राहिली. दांडीवर आहे म्हणजे बरोबर आहे. आपल्याच हातानं लावल्या होत्या, शंका कशाला घ्यायची?

परीक्षेला या खेपेस तिनं डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. केंद्र तेच, मॅडमही त्याच. त्यांनी तिला ओळखलं आणि जाता येता उगाच तिच्याकडे पाहू लागल्या. पहिले प्रश्न सरसर सुटले. खण दिसत होते, चिठ्ठ्या दिसत होत्या. मग डिजिटॅलिसचा प्रश्न आला: यातला मुख्य घटक कोणत्या वर्गातला? तिनं डोळे मिटले. दातिवऱ्याचं अंगण, सगळ्यात वरची दांडी, दोन बोंबलांच्या मधोमध डिजिटॅलिस. अल्कलॉइड. तिनं माऊस तिकडे नेला आणि टिचकी मारली. काढताना एकदा वाचलं होतं. पुढे जायच्या आधी, देताना एकदा वाचायचं म्हणून तिनं ओठातल्या ओठात वाचलं, आणि थांबली.

डिजिटॅलिस. यातूनच ती हृदयाची गोळी निघते. दुकानात खालचा खण, उजवीकडचं टोक. त्या गोळीचा एक पेशंट समोरच्या रिक्षा स्टँडवरच असतो, देवू रिक्षावाला. त्याला प्रत्येक वेळी ती विचारते, “मळमळ नाही ना? डोळ्यांपुढे पिवळं दिसत नाही ना?” त्या खणात तिनं स्वतः चिकटवलेली चिठ्ठी होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं ग्लायकोसाइड.

दुकान एक सांगतंय, माहेर दुसरं सांगतंय. बाईच्या जातीला हा पेच नवा नाही, पण तो ठाण्याच्या परीक्षा केंद्रात येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं बेलाडोना आठवून पाहिला. तो हिरड्याशेजारी टॅनिनमध्ये? दुकानात ॲट्रोपिनचे डोळ्यांचे थेंब आहेत, तेही बेलाडोनाच्याच कुळातले, आणि त्यांची चिठ्ठी म्हणते अल्कलॉइड. शेवटच्या रविवारी चिठ्ठ्यांवरची शाई फुटलेली दिसली होती, तेही आठवलं. आता तिला सगळं लख्ख दिसलं: दुपारचा वारा, धुवायचा टब, आणि ओलं ते वरच्या दांडीला लावणारी आपली आई.

ती एकटीच हसली. मॅडम धावत आल्या. “काय झालं?”

“काही नाही मॅडम. आईची आठवण आली.”

मॅडमनी घड्याळ बघितलं. हेमांगीनं मागे जाऊन वनस्पतींचे सगळे प्रश्न पुन्हा उघडले आणि प्रत्येक उत्तर दांडीवरून काढून दुकानातून तपासून दिलं. सात उत्तरं बदलली. ज्यांना दुकानात कोणीच ओळखीचं नव्हतं, त्यांना दांडीवरच सोडून दिलं. त्यांचं नशीब आणि त्यांची ओल.

निकाल रिद्धीच्या मोबाइलवर आला. दोघी पास. त्या पेपरात हेमांगीला निम्म्यापेक्षा चारच गुण जास्त होते. सात उत्तरं बदलली नसती तर काय झालं असतं, हा हिशेब रिद्धीनं मांडायला घेतला, तर हेमांगीनं तिचा मोबाइलच काढून घेतला. “पेढे आण आधी.”

भगवंतकाकांनी इंद्रजीतला फोन लावला. “येतो रे. दिवाळीनंतर येतो. नाही, शटर उघडंच राहणार.”

नोंदणी होऊन प्रमाणपत्र यायला दिवस लागले. ते आलं त्या दिवशी काकांनी स्वतः फ्रेम करून आणली आणि ती लावायला ते खुर्चीवर उभं राहायला निघाले. गुडघ्यांनी नकार दिला म्हणून दर्पणनं ठोकली. पाटीही नवी रंगवून झाली, आता नाव सगळ्यांना वाचता येतं. तरी लोक हेमांगीचं मेडिकलच म्हणतात. फक्त आता ते कायद्यालाही मान्य आहे.

काशीबाई आठवड्याने आली, बोंबलांची जुडी घेऊन. मुलीचं नाव लिहिलेला कागद काचेत बघून तिनं नाक पुसलं. मग म्हणाली, “माझे चिमटे कुठं हायेत? वीस घेतलेस, बारा दिलेस.”

“देते गं. आये, चिठ्ठ्या टबात पडल्या होत्या ना?”

“पडल्या होत्या. सुकवल्या मी. का, काय झालं?”

“काय नाय.”

काशीबाई फ्रेमजवळ गेली, तिनं ती एका बोटानं हलवून पाहिली, खिळा चाचपला, आणि वरचा पंखा किती जोरात फिरतोय ते मान वर करून बघितलं.

“हवा लागते हितं,” ती म्हणाली. “खालून पण एक खिळा मार.”