आधी दार लावा

"आधी दार लावा, मग बोला."

समोरच्या क्वार्टरची बेल वाजवली की पहिलं वाक्य हेच. नमस्कार नाही, "या, बसा" नाही. एका हाताने पाहुण्याला आत घ्यायचं, दुसऱ्याने दार ढकलायचं आणि मग मनापासून हसायचं. अशी विक्षिप्त माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण दारामागे जे होतं, ते नक्कीच पाहिलं नसेल.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या त्या सरकारी ब्लॉकमध्ये मराठी मंडळाच्या सगळ्या याद्या माझ्याकडे. आरतीच्या पाळ्या, प्रसाद, कोणाचे पाहुणे कधी. समोरच्या त्या गृहस्थांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. त्यांच्या नावापुढे मी लिहून ठेवलं होतं : 'एकटे. केंद्र सरकारात अधिकारी. काही त्रास नाही.'

एका जूनमध्ये पाण्याच्या बदललेल्या वेळा सांगायला गेले. भाऊ बनियनवर, घामाने निथळत पंख्याखाली बसलेले. आतल्या खोलीत मात्र एसी घरघरत होता.

"आत कोणी आजारी आहे का?"

"नाही हो वहिनी, पोरं आहेत."

एकट्या माणसाची पोरं? मी आत डोकावले आणि जागीच थिजले. पलंग असायला हवा तिथे भिंतभर काचेची पेटी. आत शेवाळ, नेचे, विरळ धुकं. आणि पानापानावर निळेशार बेडूक. मोठ्या सुपारीएवढे, दौतीतून नुकतेच काढल्यासारखे, अंगावर काळे ठिपके.

"दक्षिण अमेरिकेतली जात," भाऊ कौतुकाने म्हणाले. "जंगलात यांच्या जातभाईंचं विष बाणाला लावतात."

मी दाराकडे पळाले.

"अहो, दार उघडू नका, गारवा जातो! आणि हे विषारी नाहीत. विष त्यांच्या खाण्यातून येतं. तिथे रानातल्या मुंग्या खातात. हे पेटीतच जन्मलेत, माझ्याकडची चिलटं खातात. परवानगीचे कागदही आहेत, दाखवू?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या ब्लॉकला कळलं. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "दिल्लीचं खाऊन-पिऊन ज्याला विष चढत नाही, तो बेडूक ग्रेटच म्हणायचा!" दिल्लीत वाढलेली आमची मुलं त्यांना 'मेंढकवाले काका' म्हणू लागली.

बेडकांपेक्षा मोठं भांडण होतं ते चिलटांवरून. भाऊंच्या ओट्यावर बरण्यांची रांग, तोंडाला फडकी बांधलेली, आत फसफसलेलं केळं आणि त्यावर वळवळणारी चिलटं. त्यातली दोन-चार निसटून आमच्या बासुंदीवर बसली की कुलकर्णी वहिनी जिन्यातूनच ओरडायच्या, "भाऊ, तुमची पोरं उपाशी राहतील, चिलटं सगळी आमच्याकडे जेवायला आलीत!"

एकदा भाऊंनी मला घाईघाईने बोलावलं. दार लावून झाल्यावर बोट दाखवलं. एक बेडूक पानावरून सावकाश उतरत होता. पाठीवर काळा ठिपका चिकटलेला. नीट पाहिलं तर तो हलत होता.

"बाप आहे तो. अंड्यातून निघालेलं पोर पाठीवर घेऊन पाण्याला चाललाय."

दोन मुलं वाढवलेली मी बाई. तो पाण्याला पोचेपर्यंत काचेपासून हलले नाही.

त्या वर्षी गणपतीला भाऊंची मोठी बहीण गावाहून आली. आम्हीही त्यांना ताई म्हणू लागलो. ताई म्हणजे शिस्त. गणपती यायच्या आधी घर लख्ख हवं. भाऊ ऑफिसात असताना त्यांनी ओटा फिनाईलने पुसून काढला आणि सडक्या केळ्यांच्या बरण्या उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पालथ्या घातल्या.

संध्याकाळी मी आरतीची वेळ सांगायला गेले, तर दार सताड उघडं. भाऊ स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले.

"इतकी वर्षं एकटा राहतोय म्हणून काय असल्या घाणीत राहायचं?" ताई विचारत होत्या.

भाऊ त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "मोठे आठवडाभर काढतील. पिल्लं नाही काढणार. पाण्यातून नुकतीच वर आलीत, त्यांना रोज लागतं. चिलटांच्या नव्या बरणीचं पार्सल यायला आठवडा जाईल."

मला धक्का बसला तो उघड्या दाराचा. दार लावायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

मी घरी येऊन कागद घेतला. कोणाकडे पिकलेली केळी, कोणाकडे रिकाम्या बाटल्या. बाटलीत केळ्याचा तुकडा, तोंडावर कागदाचं नरसाळं : चिलट आत जातं, बाहेर येत नाही. कोणी फवारा मारायचा नाही. घरोघर निरोप धाडला.

"मम्मी, चिलटं म्हणजे?" माझ्या लेकीने विचारलं.

"ज्यांना आपण इतके दिवस मारत होतो, ती."

दुसऱ्या दिवसापासून बाटल्या येऊ लागल्या. गौरीच्या हळदीकुंकवाला तर माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई आधी समोर थांबत होती. पैठणीच्या पदराआड चिलटांची बाटली. कुलकर्णी वहिनींची सर्वांत भरलेली. "बघा भाऊ," त्या लाजून म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघराची काय ही इज्जत, यार!"

पिल्लं जगली. ताई काचेशी उभ्या राहून बघत होत्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. फक्त म्हणाल्या, "एवढंसं तोंड, आणि केवढी भूक रे." जाताना मात्र बरणी कशी भरायची ते भाऊंकडून दोनदा विचारून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ ऑफिसात टेबलाशीच गेले. सकाळी जिन्यात भेटले होते, मफलर सारखा करत. दुपारी फोन आला. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली, तरी पटेना. त्या दिवशी भाऊंनी माझ्याकडे ठेवलेल्या किल्लीने आत जाऊन चिलटं मी घातली. बरणीचं फडकं आधीच सोडून बसले आणि अर्धी बाहेरच उडाली.

ताई आल्या. सगळं उरकलं. मग मी नेहमीसारखी यादी केली : गॅस, वीज, क्वार्टरची किल्ली. शेवटी 'बेडूक' लिहिलं आणि त्यापुढे कोणाचं नाव घालावं ते कळेना. तशीच समोर गेले, बेल वाजवली.

दार ताईंनी उघडलं. विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, हातात बरणी. आत केळं फसफसत होतं. ते पाहिलं आणि इतके दिवस कोरडी राहिलेली मी उंबऱ्यातच हमसून रडायला लागले.

ताईंनी मला दंडाला धरून आत ओढलं.

"आधी दार लावा," त्या म्हणाल्या. "मग काय रडायचं ते रडा."