मिस्त्रीचं लाल नख

आमच्या रस्त्याच्या वळणावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या मागे मिस्त्रीचं घर, घराच्या मागे परस आणि परसात जाळीचा मोठा खुराडा. त्या खुराड्यात टर्की असतात, कोंबडीसारखे पण चांगले थोराड पक्षी. नर फुगला की त्याची शेपूट चाकाच्या आऱ्यांसारखी पसरते आणि रस्त्यावरून जाणारा माणूस कुंपणापाशी थांबतोच.

टर्की मिस्त्रीच्या नव्हत्या, त्याच्या बायकोच्या होत्या. तिला सगळा रस्ता काकू म्हणायचा. ऐकून ऐकून चारचौघांत मिस्त्रीसुद्धा काकूच म्हणायचा आणि मग आपणच ओशाळायचा. चारा-पाणी, झाडलोट, पिल्लं वाढवणं सगळं काकूकडे. मिस्त्रीने फक्त उबवणीची पेटी करून दिली होती. थर्माकोलचं खोकं, आत एक बल्ब, कोपऱ्यात छोटा पंखा. त्या पेटीचा त्याला अभिमान होता. कुणी पिल्लांचं कौतुक केलं की तो म्हणायचा, "पेटी चांगली आहे."

या खेपेला अंडी पेटीत असतानाच काकूला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे पलंगावर पडल्या पडल्या तिने विचारलं, "अंडी फिरवलीत का हो?"

"फिरवली."

तिने डोळे मिटले. त्या दोघांचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

दात काढण्याआधी बधिर करायची सुई देतात, मग गाल आपला राहत नाही. हात लावला तर दुसऱ्याच कुणाचा गाल चाचपल्यासारखं वाटतं. मिस्त्रीचं सगळं अंग तसं झालं. लोक आले, बसले, गेले. त्याने सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि एका चाकाचा बाक काढला. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला असते, ती आली होती. दुकानातून ठोकण्याचा आवाज आला तशी ती दारात येऊन उभी राहिली. "बाबा, आज तरी!" एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिला वाटलं होतं, बाबा रडतील. चाक सरळ झालं का हे मिस्त्री एक डोळा मिटून बघत राहिला. मुलगी रजा संपली तशी गेली.

मग पेटीत टकटक सुरू झाली. बारा अंड्यांतली नऊ फुटली.

ही काकूची शेवटची पिल्लं. ती जगली पाहिजेत, एवढी एकच गोष्ट मिस्त्रीला कळत होती. का, ते कळत नव्हतं. त्याने तिच्यासारखंच सगळं केलं. खोक्यात तरट अंथरलं, वर बल्ब टांगला. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की बल्ब खाली घ्यायचा, लांब पळाली की वर, हे त्याने पाहून पाहून माहीत करून घेतलं होतं. भरडा ओतला, वर उकडलेलं अंडं किसून टाकलं, कांद्याची पात बारीक चिरून भुरभुरली. उथळ ताटलीत पाणी ठेवलं. पाण्यात काकू काहीतरी चमकणारं टाकायची, म्हणजे पिल्लं त्यावर चोच मारतात आणि पाणी प्यायला शिकतात, हे त्याला अंधुक आठवत होतं. त्याच्या घरात चमकणारं म्हणजे काय असणार? त्याने मूठभर छर्रे टाकले, चाकाच्या कण्यातले.

शेजारच्या शिलाईवालीने कुंपणावरून पाहिलं आणि मान वर करून ओरडली, "अहो भाऊजी! छर्रे कसले टाकता? गिळतील ना! काकू गोट्या टाकायच्या, काचेच्या, मोठ्या!"

तोवर एकाने एक छर्रा गिळलाच होता. ते पिल्लू चोच पुसून दुसऱ्या छर्ऱ्याकडे बघत होतं.

दुकानात ही हकिकत ऐकून पेपरवाला हसत सुटला. त्याच्या सायकलची साखळी नेहमी पडते, म्हणून तो नेहमी दुकानात. "मिस्त्री, त्या पिल्लाला तेल देत जा. बेअरिंग आहे आत." त्या पिल्लाचं नाव छर्रा पडलं ते असं.

छर्रा जगला. बाकीच्यांचं लक्षण ठीक दिसेना. ती भरड्यात उभी राहत, भरड्यावर झोपत, आणि बारीक आवाजात ओरडत. खाताना मात्र दिसत नसत. मिस्त्री सकाळी दुकानात जाताना ताट भरलेलं बघायचा आणि त्याला बरं वाटायचं, की चाऱ्याला कमी नाही. मग एक पिल्लू मेलं. मग दोन मेली.

शिलाईवाली आली. तिने मेलेलं पिल्लू तळहातावर घेऊन गळ्याखालची पिशवी अंगठ्याने दाबून पाहिली.

"रिकामी आहे, भाऊजी. हे उपाशी मेलंय."

"ताट भरलेलं आहे."

"ताट भरलेलं असून काय करणार? कोंबडीचं पिल्लू निघालं की टिपायला लागतं. याला शिकवावं लागतं, बापडं बावळट असतं. काकू दाण्यात बोट आपटत बसायच्या, तासन् तास. तुम्ही कधी बघितलं नाहीत?"

मिस्त्रीने बघितलं होतं. त्याला वाटायचं, ती पिल्लांशी खेळतेय.

तो बसला. दाण्यात बोट आपटायला लागला. टक टक टक. त्याचं बोट म्हणजे वर्षानुवर्षं ग्रीस मुरलेलं, नखाच्या कडा काळ्या. पिल्लांनी मान तिरपी करून बोटाकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. जेवणाच्या सुटीत तो बसला, दुकान बंद केल्यावर बसला. टक टक. कुणी येईना. सहा उरली होती आणि त्यातलं एक सारखं डोळे मिटत होतं. मिस्त्रीला दुःख होत होतं असं म्हणता येणार नाही. गुडघे दुखत होते. ते मात्र त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोक्यावर वाकला आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून सायकलचा मागचा दिवा, तो लाल काचेचा गोल तुकडा, खाली दाण्यात पडला.

पिल्लं धावली. सगळी. डोळे मिटणारंसुद्धा. लाल काचेवर चोची वाजायला लागल्या, टिक टिक टिक, आणि काचेवरून घसरलेल्या चोचींत दाणा गेला.

मिस्त्री वाकलेलाच राहिला.

काकू नखं रंगवायची. रोज नाही, अधूनमधून. एकदा त्याने चिडवलं होतं, "सकाळ-संध्याकाळ शेणघाण उपसतेस आणि नखं लाल. कुणाला दाखवायला?" ती म्हणाली होती, "टर्कींना." त्यावर तो हसला होता, तीही हसली होती. नेलपॉलिशची बाटली दरवेळी अंडी फुटायच्या सुमारासच बाहेर निघायची, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तो आत गेला. बाटली खिडकीत होती. त्याने रॉकेलने आणि मग साबणाने हात धुतले, उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट टेबलावर ठेवलं आणि डाव्या हाताने रंग लावला. नखावर थोडा, कातडीवर जास्त. वास आला. तो वास त्या स्वयंपाकघरात ओळखीचा होता. मिस्त्रीने वास घेतला आणि काही होतंय का याची वाट पाहिली. काही झालं नाही. ती हात हलवून वाळवायची तसा तो रिकाम्या घरात हात हलवत उभा राहिला.

मग खोक्यापाशी बसून त्याने बोट आपटलं. टक. पहिल्यांदा छर्रा आला.

त्या दिवसापासून पिल्लं खायला लागली. मिस्त्री सकाळी बसायचा, दुपारी बसायचा, रंग उडाला की पुन्हा लावायचा. दुकानात काळ्या हातांत ते एक नख इंगळासारखं दिसायचं. लपवायचं त्याच्या मनात आलं नाही. पंक्चर शोधताना ट्यूब पाण्यात धरली की सगळ्यांची नजर त्या बोटावर.

"मिस्त्री," पेपरवाला म्हणाला, "लग्नाबिग्नाला निघालात काय? बाकीच्या नऊ बोटांनी काय पाप केलं?"

"पिल्लांसाठी आहे."

"पिल्लांसाठी!" पेपरवाल्याने दुकानात बसलेल्या दोघा-तिघांकडे बघून डोळा मारला. "पाहिलंत? छर्रा मागणी घालायला येणार आहे."

मिस्त्रीने साखळी बसवली, पायडल फिरवून पाहिलं. "काकू लावायची," तो म्हणाला. "पिल्लं तिच्या बोटावर खायची."

पेपरवाल्याचं हसू तोंडावरच राहिलं, नेमकं काय करावं ते त्या हसूला कळेना. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा म्हणाला, "खातात का?" मिस्त्री म्हणाला, "खातात." तेव्हापासून त्यांचं रोजचं बोलणं हेच झालं.

मुलगी सुटी काढून आली. आईचं कपाट आवरायचं होतं, आणि बाबांना आपल्याकडे घेऊन जायचं होतं. मिस्त्री दुकानात असताना तिने पिशव्या भरल्या. स्वयंपाकघरात तिला अंड्यांच्या टरफलांचा ढीग दिसला आणि एकच ताट, तेही कोरडं; बाबा स्वतः जेवतात की नाही, कळायला मार्ग नव्हता. मिस्त्री दुपारी घरी आला, खिडकीपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला.

"इथली बाटली?"

"कसली? नेलपॉलिश? ते घट्ट झालं होतं, टाकलं मी."

मिस्त्री कचऱ्याच्या बादलीपाशी बसला आणि आत हात घालून शोधायला लागला. तेव्हा मुलीला ते नख दिसलं.

"बाबा, हे काय?"

"पिल्लांना लाल लागतं. त्याशिवाय खात नाहीत." त्याला बाटली सापडली. त्याने ती शर्टाला पुसली. "तीन मेली आधी. मला माहीत नव्हतं."

मुलीने त्याच्या हातातून बाटली घेतली, जमिनीवरच बसली आणि एका हाताची नखं रंगवली, पाचही. खोक्यापाशी जाऊन तिने हात दाण्यात ठेवला. तिचा हात आईच्या वळणाचा, बुटका, करंगळी जराशी वाकडी. पिल्लं मिस्त्रीच्या बोटाला कधी आली नव्हती इतकी झटकन आली. मिस्त्री दाराला टेकून बघत होता.

"चला ना माझ्याकडे," मुलगी पाठमोरी बोलली. हात पिल्लांत होता, आवाज ओला होता. "इथे एकटे काय करणार?"

"आधी खायला तर लागू देत." त्याने नखाकडे पाहिलं. "हे उतरलं की बघू."

थोड्याच दिवसांत पिल्लं आपली आपण टिपायला लागली. बोट नको झालं, बल्ब नको झाला, ती परसात फिरायला लागली. मिस्त्रीने पुन्हा रंग लावला नाही, पण होता तो काढलाही नाही. नख वाढत गेलं तसा लाल रंग बोटाच्या टोकाकडे सरकत गेला. मुलगी तिच्या गावाहून फोन करायची. तब्येत कशी आहे वगैरे तिने सोडून दिलं होतं.

"किती राहिलाय?"

"अर्धा."

पुढच्या वेळी, "आता?"

"टोकाला आहे. जरासा."

एका सकाळी तो परसातल्या पायरीवर नखं कापायला बसला. लाल कपचा उडून मातीत पडला. मिस्त्री उचलायला वाकला, तेवढ्यात उंच मानेचा, नुकतं लाल फुटू लागलेल्या डोक्याचा छर्रा दणादणा आला, कपचा टिपला, गिळला आणि आणखी आहे का म्हणून मिस्त्रीच्या हाताकडे बघायला लागला.

मिस्त्रीने स्वतःहून फोन लावला. असं त्याने क्वचितच केलं असेल.

"संपला रंग."

"काढलात?"

"छर्ऱ्याने गिळला."

पलीकडे मुलगी हसली. हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं असावं, कारण मध्ये थोडा वेळ नुसताच आवाज येत होता. "मग? घ्यायला येऊ?"

मिस्त्रीने खुराड्याकडे पाहिलं. जुन्यातली एक मादी कोपऱ्यात भुसा उकरून बसली होती, आणि हाकललं तरी उठायची नाही अशी तिची बसण्याची तऱ्हा होती.

"माद्या अंड्यावर आल्यात," तो म्हणाला. "पेटीचा पंखा बदलायचाय."

मुलीने विचारलं, "बाटलीत आहे का शिल्लक?"

तो आत गेला. खिडकीतली बाटली उजेडात धरून त्याने ती तिरपी केली. तळाशी काहीतरी सावकाश सरकलं.

"घट्ट झालंय."

"मी नवी आणते."

"आण," मिस्त्री म्हणाला. "लालच आण."