नीलाबाईंना मात्र तिकीट पडलं

घाटनांदूरच्या बाजारगल्लीत नीलाबाईंचं किराणा दुकान आहे. कंपनीचा माणूस नवी योजना घेऊन आला, की त्या आधी जुना पुडा शोधून काढतात. जुना एका पारड्यात, नवा दुसऱ्यात. जुन्याचं पारडं खाली गेलं, की विचारतात, "चमचा फुकट देता, अन् चमच्याएवढी पावडर काढून घेता व्हय?" माणूस हसतो. नीलाबाई हसत नाहीत.

नवरा, विरुपाक्षअप्पा, अचानक गेले तेव्हा लेक शिवकन्या शाळेत होती. दिवसकार्य झालं आणि नीलाबाई गल्ल्यावर बसल्या. गल्ल्यावर बसलेल्या बाईशी कुणीही, कितीही वेळ उभं राहून बोलू शकतं, आणि तिला उठून जाता येत नाही. हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्या पोरीला इथं बसवणार न्हाई, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. म्हणून तिला हैदराबादला, कंपनीत नोकरी करणाऱ्या बसवेशच्या घरी दिली. गिऱ्हाइकानं विचारलं, "लेक काय करती?" तर नीलाबाई अभिमानानं सांगायच्या, "काय न्हाई करत. सुखात घरी हाय."

दिवाळीनंतर लेकीचा फोन आला. "आई, चार दिवस ये. सगळं हैदराबाद दाखविते. इथं बायांना बस फुकट हाय."

"फुकट? कावून?"

"सरकारनं केलीय."

"अन् मंग महाग काय केलंय?"

शिवकन्या हसली. नीलाबाईंनी खरंच विचारलं होतं.

तरी त्या गेल्या. दुकानाचं शटर ओढलं, शेजारच्या उज्ज्वलाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि रेल्वेत बसल्या.

पहिल्या दिवशी सकाळची लिंगपूजा आटोपून मायलेकी उप्पलच्या स्टॉपवर उभ्या राहिल्या. डोक्यावरून मेट्रो गेली. समोर गार हवेची बस थांबली, दारं उघडली, मिटली, गेली.

"ही नको, आई. आपली मागून येती."

आपली म्हणजे साधी, बायांना फुकट असलेली. ती बऱ्याच वेळानं आली. कंडक्टर बाईनं शिवकन्येचं आधार कार्ड बघून शून्य रुपयाचं तिकीट फाडलं. नीलाबाईंचं कार्ड उलटसुलट केलं. "अम्मा, ये महाराष्ट्र का है. तुमको टिकट लेना पडता."

नीलाबाईंनी समाधानानं पैसे काढले. पैसे दिले की निदान आपण काय घेतलं ते कळतं.

हुसेनसागरच्या कडेला बसून दोघींनी घरून नेलेले धपाटे खाल्ले. पाण्यात मधोमध बुद्धाची मोठी मूर्ती उभी होती. लोक नावेतून तिथं जात होते.

"आपण जाऊ की."

"तुला पाण्याची भीती वाटती ना?"

"मला? कवा वाटली?"

शिवकन्या बाटलीचं झाकण लावत बसली. झाकण तर आधीच लागलेलं होतं.

त्यानंतर नीलाबाईंचं लक्ष हैदराबादवरून उडालं. गिऱ्हाईक अडचणीत आलं की ते आधी पुड्याचा आकार बदलतं, उधारी फार पुढची गोष्ट. संध्याकाळी त्यांनी लेकीच्या स्वयंपाकघरात डबे उघडून पाहिले. मोठ्या डब्याच्या तळाशी तुरीच्या डाळीचा छोटा पुडा, वर रबर लावलेलं. बसवेश जेवायला बसला, तो मान खाली घालूनच.

"काम बरं चाललंय ना, जावईबापू?"

"हां, आत्याबाई. मस्त."

मस्त म्हणणाऱ्या माणसानं दुसरी भाकरी घेतली नाही. नोकरीच गेली असणार याची. रोज सकाळी डबा घेऊन निघतो तो कुठंतरी बागेत बसत असणार. नीलाबाईंना झोप लागली नाही. पोरगी सुखात आहे, हे एकच त्यांनी एवढ्या वर्षांत कमावलं होतं. आता तेही हलकं निघतंय की काय?

दुसऱ्या दिवशी चारमिनार. पुन्हा साधी बस. कोठीचा स्टॉप मागं पडला, बस अफजलगंजच्या दिशेला वळली, तशी कंडक्टर बाई गर्दीतून वाट काढत आली आणि शिवकन्येला म्हणाली, "क्या अक्का, आज बेगमबाजार नै जाना क्या? सेठ छुट्टी दिया?"

शिवकन्येनं तिला डोळ्यांनी खूण केली. पण उशीर झाला होता. असली हिंदी घाटनांदूरच्या बाजारात रोज कानावर पडते. नीलाबाईंना एकेक शब्द समजला.

"कोण सेठ?"

"कुणी न्हाई, आई. तिची चूक झाली."

"तुला अक्का म्हणाली ती. रोज बघते तुला. उतर."

"चारमिनार पुढं हाय."

"ते पळून जात न्हाई. उतर."

अफजलगंजला दोघी उतरल्या. शिवकन्या पुढं, नीलाबाई मागं. बेगमबाजारच्या गल्लीत दोन्ही बाजूंना काजू, बदाम, मनुकांची पोती. वाटेत शिवकन्या पाठमोरीच बोलत राहिली. "त्यांची नोकरी गेलती, चैतात. आता दुसरी लागलीय, पगार कमी हाय. तवा मी इथं काम धरलं. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मी रडते? मला कवा बघितलंस रडताना?"

"म्हणूनच सांगितलं न्हाई."

दुकान सुक्यामेव्याचं होतं. म्हातारा सेठ उठून उभा राहिला. "शिवकन्याकी अम्मा? बैठो, बैठो." चहा आला. सेठनं बदामांची पुडी बांधून पुढं सरकवली. "पैसे नको."

नीलाबाईंनी पुडीला हात लावला नाही. माणूस पहिल्याच भेटीत फुकट देतो, तो कशाच्या बदल्यात? त्यांनी सेठकडं, मग लेकीकडं पाहिलं. "मला इकत घ्यायचेत. हिला तोलू द्या."

शिवकन्या गल्ल्यामागं गेली. पदर खोचला. काट्यावर बदाम ओतले, आकडा स्थिर होईपर्यंत हात लांब ठेवला.

"काय भाव?"

लेकीनं भाव सांगितला.

"आईला बी तोच?"

"दुकान माझं न्हाई, आई."

"लई महाग हाय."

"मंग दुसरीकडं बघ की. गल्लीत दुकानांना काय तोटा हाय?"

एवढ्यात एक दाढीवाला माणूस गल्ल्यावर कोपर टेकून उगाच गप्पा मारू लागला. नीलाबाईंचा हात चहाच्या कपावरच थांबला. शिवकन्येनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "लेनाच है तो बोलो भाई, नै तो बाजू सरको. पीछे लोगां खडे हैं." माणूस बाजूला झाला.

हे वाक्य नीलाबाईंना इतक्या वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

त्यांनी बदामाचे पैसे दिले, लेकीनं सांगितला त्या भावानं. निघताना सेठला विचारलं, "पगार वक्तपे देते क्या?"

"आई!"

"विचारायला काय जातंय?"

आठवड्यानं घाटनांदूरचं शटर वर गेलं. उज्ज्वला पहिली आली. "मावशी, चारमिनार बघितला का?"

"न्हाई. आधीच उतरले."

"बस खरंच फुकट हाय?"

"तिथल्या बायांना. मला तिकीट पडलं. कावून फुकट हाय ते कळलं न्हाई अजून. कळंल."

"अन् शिवकन्या? सुखात हाय ना घरी?"

नीलाबाईंनी साखरेचं पोतं पुढं ओढलं. पारडं पुसलं.

"घरी नसती ती," नीलाबाई म्हणाल्या. "गल्ल्यावर असती. किती देऊ साखर?"