तीनदा खोकला, दोनदा टकटक

२००६ साल. मी सत्तावन्न वर्षांचा, दादा साठीचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पोरवयात आम्ही दोघांनी महागावला तंबूच्या टॉकीजमध्ये गुप्तहेराचा एक हसवणारा पिक्चर पाहिला होता. गुप्तहेर मोठा येडपट. शिंकला की नकली मिशी उडायची. नकाशा म्हणून धोब्याची चिठ्ठी चोरून आणायचा. पण साथीदाराच्या दारावर आला की तीनदा खोकायचा, अन् आतून दोन टकटक आल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. शाळा मी चौथीत सोडली, पण तो पिक्चर आजही पाठ आहे. नंतरचे मोटारी उडवणारे हेर पाहून मला कधी हसू आलं नाही. ती खोकल्याची खूण मात्र आम्ही म्हातारे होईपर्यंत वापरली.

आमची घरं एका भिंतीची, मधे दार; त्याच दारावर ती खूण चालायची. दोन वर्षांआधी दादानं कपाशीचं पाकिटातलं नवं बियाणं पेरलं, मी पेरलं नाही. त्याच्या पऱ्हाटीवर लाल्या रोग आला, पानं लाल होऊन बोंडं गळाली. मी पानठेल्यावर चारचौघांत म्हणालो, "दादाच्या पऱ्हाटीनं लाल शालू नेसला, आता नवरदेव पाहा." सारे हसले. दादा नाही हसला. "माह्या दारातून येजो नोको," एवढंच बोलला. त्याच दिवशी मी मधलं दार विटा-मातीनं बुजवलं. बुजव असं तो म्हणाला नव्हता.

पुढं दादा छातीच्या दुखण्यानं खाटेला लागला. एका रविवारी दुपारी वहिनी माझ्या समोरच्या दारात आली.

"भाऊजी, टीव्हीवर तुमचा तो पिक्चर लागून राह्यला. हे म्हणतात, या पाह्यले."

"माह्या घरीबी टीव्ही आहे," मी म्हणालो.

आपापल्या घरी पाहिला. मिशी उडाली तेव्हा भिंतीच्या दोन्ही अंगानं हसू आलं. अर्ध्यात लाइन गेली. पलीकडून दादानं उरलेला पिक्चर मोठ्यानं सांगायला घेतला, थांबत, दम घेत. गुप्तहेर दारावर आला तिथं दादा स्वतः तीनदा खोकला अन् गप्प राहिला.

माझा हात भिंतीपर्यंत गेला होता. पण मनात आलं, मोठा आहे, आधी त्यानं यावं. तो खाटेवरून उठू शकत नाही हे मला ठाऊक होतं.

तो पुन्हा तीनदा खोकला.

"काहून बे, साथीदार झोपला का?"

मी वाजवलं नाही. पुढची गोष्ट त्यानं सांगितली नाही. दिवेलागणीला वहिनीचा हंबरडा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या अंगणात तिरडी बांधणं चालू होतं. मी लोखंडी सब्बल काढली. लोक म्हणाले, समोरचं दार उघडं आहे, तिकडून जा. मी ऐकलं नाही. आधी बुजवलेल्या दारावर बोटानं दोनदा वाजवलं. मग विटा पाडल्या, अन् त्याच दारानं दादाजवळ गेलो.