भाऊजींची गोड तोफ

सांगलीहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी न्याहारीला बसले होते. ताटात भाकरी, भाकरीवर लोण्याचा गोळा. "काकी, अण्णा गेले," एवढंच बोलून तो रडायला लागला. अण्णा म्हणजे माझे धाकटे दीर, दत्तू भाऊजी. नव्वदीला टेकलेले, झोपेतच गेले, कुणाला हाक मारायचेही कष्ट दिले नाहीत. आणि मला त्या क्षणी काय आठवावं? माझी करंगळी. तिच्यात घट्ट अडकलेली पितळी नळी आणि गोठ्याच्या दिशेने बोट रोखून उभी असलेली मी… दुखवट्याच्या फोनवर हसू यायला नको होतं, पण आलं. भाऊजी असते तर त्यांनाही आलं असतं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि भाऊजी फौजेतून घरी आले. आमचं गाव कडेगावच्या बाजूला. तेव्हा तो सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. माझे सासरे, मामंजी, पहिल्या युद्धात पार इराकातल्या बसऱ्याला जाऊन आलेले. संध्याकाळी पारावर बसून ते बसऱ्याची लढाई सांगत, आणि अलीकडे तिला 'माझा पोरगा तोफखान्यात हाय' ही पुरवणी जोडत. भाऊजी आले त्या दिवशी निम्मा गाव आमच्या सोप्यात होता. ट्रंकेतून एक पत्र्याचा डबा निघाला. मामंजींनी सगळ्यांदेखत विचारलं, "ह्यात काय रं?"

भाऊजींनी झाकण अर्धंच उघडलं. आत निमुळत्या पितळी नळ्या होत्या, बोटाएवढ्या. "तोफंचं सुटं भाग हायती, आबा. सायबानं खूष हुऊन दिलं." मामंजींच्या मिशा वर गेल्या. एवढ्याशा तोफेतून शत्रूवर काय फेकत असतील, चुरमुरे की फुटाणे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"माझ्या चुलीम्होरं तोफ न्हाई ठेवायची," असं सासूबाईंनी बजावलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. डबा स्वयंपाकघराच्या पार दुसऱ्या टोकाला, लोणच्याच्या बरण्यांवरच्या फळीवर गेला. त्यानंतर आत्याबाई लोणचं काढायला गेल्या की श्वास रोखून जायच्या आणि बरणी घेऊन उलट्या पावली यायच्या.

थोड्याच दिवसांत मुंग्या लागल्या. उंबऱ्यापासून निघालेली काळी रांग गुळाच्या ढेपेला वळसा घालून सरळ त्या फळीवर चढत होती. मी साताऱ्याला मामाकडे राहून चार बुकं शिकले होते. मुंग्या तोफेची दारू खात नाहीत एवढं मला कळत होतं. पुरुषमाणसं शेतात गेलेली पाहून मी डबा खाली काढला. नळ्यांच्या आत काहीतरी पांढरं, दगडासारखं घट्ट बसलं होतं. आधणाचं पाणी घेतलं, चिंच घेतली, राख घेतली आणि काथ्याने घासायला बसले. घासता घासता राख चांदणीच्या तोंडाच्या एका नळीच्या टोकात जाऊन बसली. ती काढायला करंगळी घातली, आणि करंगळी काही बाहेर येईना.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. "आगं बया! हलू नगंस! कुठल्या बाजूला त्वांड हाय तिचं?"

मी बोट दाखवलं. म्हणजे दाखवावं लागलंच नाही, ते रोखलेलंच होतं. समोर गोठा. "म्हशीकडं धरू नगं, गाभन हाय ती!" मी वळले तर देवघर. देवघरावरून फिरवलं तर परसातली तुळस. कुठेही धरा, घरातलं काही ना काही उडणारच. शेवटी दारात जाऊन मी बोट आभाळाकडे केलं आणि आत्याबाईंनी खबरदारी म्हणून भिजवलेलं गोणपाट माझ्या डोक्यावर टाकलं. मग त्या गल्लीभर ओरडत भाऊजींना शोधायला धावल्या.

भाऊजी आले. मला पाहून त्यांचा चेहरा असा झाला की हसावं की पळावं ते त्यांना कळेना. आत्याबाई म्हशीला लांब बांधायला गेल्या तशी त्यांनी लोण्यात बोटं बुडवून माझी करंगळी चोळली आणि नळी सोडवली. हुळहुळणारं बोट मी तोंडात घातलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमची तोफ गोड लागतीया."

ते मटकन चुलीपाशी बसले. तोफखान्यात ते होते हे खरंच होतं. फक्त तोफखान्याच्या साहेबांच्या मेसमध्ये. तिथे आचारी म्हणून लागले आणि केकवर साखरेची फुलं काढण्यात त्यांचा हात बसला. "गुलाब काढाय लागलो की सायबिणी बगत हुब्या ऱ्हायच्या, वैनी," हे सांगताना त्यांचे डोळे चमकले आणि लगेच विझले. सांगलीच्या एका बेकरीत त्यांना काम मिळत होतं. बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला की जाणार होते.

"मग आबांना सांगा की तसं."

"काय सांगू? तुमी पारावर ज्येची तोफ सांगताय त्यो ल्योक फुलं काढत हुता म्हनून? मान खाली जाईल वो त्यांची. माजं काय, मी जाईन सांगलीला. त्यांना रोज त्या पारावर बसायचं हाय."

मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं. नळ्या मात्र त्यांनी माझ्यावर सोपवल्या: गरम पाण्याने धुवायच्या आणि पुन्हा मुंगी दिसता कामा नये.

तो शब्द मी जरा जास्तच पाळला. बेंदराच्या सकाळी पावसाने उघडीप दिली होती. मी नळ्या चिंचेने अशा लखलखीत केल्या की सोनं झक मारेल, आणि गोठ्याच्या भिंतीवर वाळत ठेवल्या. आमचा गडी भिवा बैल सजवत होता. बैलांच्या शिंगांवर त्याने पितळी शेंब्या, म्हणजे टोप्या, चढवल्या. खोंडाची शिंगं कोवळी, त्याच्या मापाच्या शेंब्या घरात नव्हत्या. भिवाने मान वर केली तर भिंतीवर नेमक्या त्याच मापाच्या, चकचकीत, मांडून ठेवलेल्या! घरधनिणीने खोंडासाठी मुद्दाम आणल्या असं समजून त्याने दोन उचलल्या आणि लाल दोऱ्याने घट्ट बांधल्या.

मिरवणूक वाजतगाजत पारापाशी आली. मामंजींचे जुने दोस्त, साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार, सणाला आले होते. त्यांनी खोंडाला थांबवलं, चष्मा लावला, शिंगाशी वाकले. "अरं गड्या, ह्या तर केकावर फुलं काढायच्या नळ्या! आमच्या मेसमधी हुत्या की!"

मामंजींनी खोंडाकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. भाऊजींना अजूनही थाप मारता आली असती… ते पुढे झाले. "व्हय आबा. मी मेसमधी हुतो. फुलं काढत हुतो."

मामंजी वळले आणि घराकडे चालू लागले. थांबा म्हणून कुणी सांगितलं नाही म्हणून वाजंत्री वाजतच राहिली.

घरी पुरणपोळीचं ताट पुढ्यात, आणि मामंजी भिंतीकडे तोंड करून बसलेले. भाऊजी दाराशी उभे. कुणी जेवेना. शेवटी आत्याबाई पोळी लाटता लाटता आतूनच म्हणाल्या, "आवं, तुमी तरी बसऱ्याला काय केलंसा? खेचरांस्नी दाणाच घातलासा न्हवं? इतकी वर्सं मी कुनाला बोलली का?"

मी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. मामंजी खाकरले. "खेचरं नसती तर फौज उपाशी मेली असती."

"मग सायबांनी काय उपाशीपोटी लडायचं?"

बसऱ्याच्या वीराने भिंतीकडचं तोंड फिरवलं. त्यांनी ताट भाऊजींकडे सरकवलं. "काढ बगू तुजं फूल."

खोंडाच्या शिंगावरची नळी सोडवून मी आधी गरम पाण्याने धुतली. सण असला तरी गोठा तो गोठा. भाऊजींनी स्वच्छ फडक्याचा कोन केला, त्यात लोणी भरलं आणि पुरणपोळीवर मनगट फिरवलं. पाकळीवर पाकळी बसत गेली. मामंजी वाकून वाकून बघत होते. पोळी त्यांनी फुलाच्या कडेकडेने खाल्ली आणि फूल शेवटपर्यंत ठेवलं. संध्याकाळी ते पारावर गेले तेव्हा आम्ही सगळे कान देऊन होतो. त्यांचा आवाज आला, "आमच्या दत्तूची फुलं बगून सायेब लोक लडाई इसरायचं!"

भाऊजी सांगलीला गेले आणि तिथलेच झाले. किती लग्नांचे, किती बारशांचे केक त्यांनी सजवले. पण गावी आले की मामंजींच्या भाकरीवर लोण्याचा गुलाब ठरलेला, आणि मामंजींच्या मागे माझ्या.

परवा त्यांच्या घरी जाऊन आले. सून आता प्लॅस्टिकच्या नळ्या वापरते. पत्र्याचा डबा ओट्याखाली होता. "राहू दे काकी, तुम्ही कशाला?" ती म्हणत होती तरी मी पाणी तापवलं, चिंच भिजवली आणि एकेक नळी घासली. मग गॅलरीत वाळत ठेवल्या. ठेवण्याआधी खाली वाकून पाहिलं. तिथे स्कूटरी होत्या, खोंड नव्हतं.

फौजेतला माणूस गेला की सलामी देतात म्हणे. भाऊजींना कुणी दिली नव्हती. चांदणीच्या तोंडाची ती नळी मी उचलली आणि तिच्यात करंगळी घातली. आता ती अडकत नाही, सैल होते… दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवली, बोट आभाळाकडे केलं आणि सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलं, "धडाम!"