हॉलमधला परदेश

बसवाली परदेशी जायला निघाली आणि आपल्याच घराच्या हॉलमध्ये जाऊन राहिली. हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल थापा चालल्यात.

शहरातली बस चालवायची म्हणून गल्लीत तिला सगळे बसवालीच म्हणत. हाताची पक्की, तोंडाची त्याहून पक्की. कुणी मोटारसायकलवाला आडवा घुसला की काच सरकवून असं काही ऐकवायची, की तो बिचारा पुढचे दोन चौक डावीउजवीकडे न बघता सरळ जायचा. एकदा डेपोत कुणीतरी मोबाइलवर परदेशातली जोडबस दाखवली. दोन बसगाड्या एकमेकींना जोडलेल्या, मधे रबरी भाता, आणि वळताना अर्धी बस या रस्त्यावर तर अर्धी त्या रस्त्यावर! बसवाली बघतच राहिली. हातातला चहा गार झाला, तरी बाई बघतेच आहे. तिकडे ड्रायव्हर कमी पडतात, बायकांनाही घेतात, दोन वर्षांचा करार असतो, पगारही बक्कळ, हे कळल्यावर तर विषयच संपला. घरी येऊन तिनं जाहीर केलं, "मी ही बस चालवणार."

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. गरीब स्वभावाचा माणूस. तो म्हणाला, "चालव की." दहा वर्षांच्या लेकीला घरात मिरी म्हणत, कारण दिसायला एवढीशी आणि बोलायला झणझणीत. तिनं विचारलं, "त्या भात्यात उभं राहता येतं का?" सासूबाई मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. हुकूम द्यायच्या आधी मनात रांगा लावून घ्यायची त्यांना सवय होती.

एजंटानं कागद केले, कंपनीनं होकार कळवला, वकिलातीत मुलाखत झाली. मुलाखत तर फक्कड झाली. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं चारदोन प्रश्न विचारले, बसवालीनं बसच्या वेगानं उत्तरं दिली. "पासपोर्ट ठेवून घेतो," तो म्हणाला. "चौकशीसाठी घरी एखादा फोन येईल. मग आठवड्याभरात व्हिसासकट मिळेल." घरचा नंबर म्हणून सासूबाईंच्या मोबाइलचा नंबर दिलेला होता. बसवाली तरंगतच घरी आली. डेपोत लांब सुट्टी टाकली, तिची बस दुसऱ्याला देऊन टाकली, मंडळींनी हारतुरे घालून निरोपही दिला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी हुकूम सोडला. "आजपासून तालीम."

"कसली हो, अहो आई?"

"तुझ्या जाण्याची. तू गेल्यावर पहिल्या दिवशी आमची तारांबळ उडण्यापेक्षा ती आताच उडू दे. हा हॉल म्हणजे परदेश. स्वयंपाकघर आणि आतली खोली म्हणजे घर. तू परदेशातून घरात पाऊल टाकायचं नाही. जेवायला येशील ती पाहुणी म्हणून. भांड्याला हात लावायचा नाही. आणि कुणीही विचारलं की आम्ही सांगणार, ती गेली."

"अहो, पण शेजारच्या काकूंना मी खिडकीत दिसणार!"

"दिसेनास का. गेली म्हणजे गेली."

नवरा हसत सुटला आणि सासूबाईंनी डोळे वटारताच गप्प झाला. झालं! बसवालीची बॅग, उशी, चार्जर, सगळा संसार हॉलमधल्या सोफ्यावर आला. संध्याकाळी मिरी आजीचा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात बसायची आणि आईला व्हिडिओ कॉल लावायची. "आई, तिकडे थंडी आहे का गं?" "आहे ना, पंखा फुल्ल आहे." मधे एक भिंत. दोघींचा आवाज फोनमधून यायचा आणि भिंतीपलीकडूनही यायचा. बोलणं संपलं की मिरी काहीतरी निमित्त काढून दारात यायची, आईकडे बघायची आणि आत जायची. नवरा अधूनमधून सासूबाईंची नजर चुकवून चहाचा कप घेऊन परदेशात घुसखोरी करायचा. एकदा पकडला गेला, तेव्हा सासूबाईंनी त्याला हद्दपार केलं.

पहिल्या दिवसांत भात करपला, डबे अदलाबदल झाले, मिरीच्या डब्यात बापाच्या चष्म्याचा कपडा निघाला. बसवाली सोफ्यावर बसून पोट धरधरून हसली. मग हळूहळू गाडी रुळावर आली. नवऱ्याला भाजी जमायला लागली. मिरी अलार्म न लावता उठायला लागली. सासूबाई दुपारी वेळापत्रकाप्रमाणे झोपायला लागल्या. आणि बसवालीचं हसू आटलं.  ह्या सगळ्यांचं आपल्यावाचून झकास चाललंय की! निदान एखादा ग्लास तरी फुटू दे रे, असं तिला मनातून वाटायचं. चांगल्या बाईला वाटू नये ते वाटायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा.

त्यात पासपोर्टचा पत्ता नाही. आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही सरला. ती एजंटला फोन करायची, एजंट म्हणायचा, "प्रक्रिया चालू आहे, बाई." प्रक्रिया, प्रक्रिया! त्या शब्दानं तिचं डोकं उठलं. डेपोतले जुने सोबती रस्त्यात भेटले तर काय सांगायचं म्हणून तिनं बाहेर पडणंच सोडलं. हार घालून निरोप घेतलेली बाई भाजी घ्यायला कशी जाणार? मग एजंटनं बॉम्ब टाकला. प्रशिक्षणाची तुकडी पुढच्या महिन्यात सुरू होतेय. तोवर पोचली नाही, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. जोडबस हातातून निसटायला लागली. इथली बसही गेलेली. बसवालीला जेवण जाईना.

एका सकाळी एजंटचाच फोन आला. आवाज चमत्कारिक.

"बाई, तुम्ही कुठून बोलताय?"

"घरातून."

"कुठल्या देशातल्या घरातून?"

"अहो, शुद्धीवर आहात ना?"

"मी आहे हो! वकिलातीनं चौकशीला तुमच्या घरी फोन केला, तर घरच्यांनी सांगितलं की बाई परदेशी जाऊन बरेच दिवस झाले. आता त्यांच्यापुढे प्रश्न असा, की पासपोर्ट त्यांच्या कपाटात आणि बाई परदेशात, तर मग बाई गेल्या कशा? त्यांनी तुमचं प्रकरण थेट बाजूला काढून ठेवलंय."

बसवालीनं कपाळाला हात लावला. मग नियम मोडून सरळ स्वयंपाकघरात शिरली. "अहो आई! फोनवर वकिलातीला काय सांगितलंत तुम्ही?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यात दप्तर भरणाऱ्या मिरीकडे पाहिलं. "मीच सांगितलं असणार," त्या म्हणाल्या. "कुणीही विचारलं की गेली म्हणायचं, असं ठरलं होतं ना? दिवसाला दहा जण विचारतात. त्यात वकिलात कुठली आणि शेजारची काकू कुठली, माझ्या काय लक्षात राहतंय!"

"अहो, पण..." बसवालीला रागवायचं होतं, रडायचं होतं, आणि आलं हसू. नवरा तर खाली बसूनच हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "चला," म्हणाल्या, "मी येते. माझी चूक मी निस्तरते."

एजंटनं खटपट करून भेटीची वेळ मिळवली. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून खिडकीपुढे ताठ उभ्या राहिल्या आणि अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. परदेश कुठून सुरू होतो, घराची हद्द कुठे, पाहुणी म्हणून जेवण कसं, मुलाला हद्दपार का केलं, सगळं. "आणि साहेब, ही कुठेही गेलेली नाही. गेले कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोर सोफ्यावर बसून आहे आणि काडीचं काम करत नाही." अधिकाऱ्याचा चेहरा आधी दगडी होता. मग तो उठला, आतून आणखी एकाला बोलावून आणलं आणि म्हणाला, "आजी, जरा पुन्हा सांगता?" दुसऱ्यांदा ऐकताना दोघांनी तोंडावर हात धरले होते.

चार दिवसांत कुरिअर आलं. बसवालीनं दारातच पाकीट फाडलं. पासपोर्टात व्हिसा! तिचा चेहरा फोटोत भलताच रागीट आला होता, पण होता तिचाच. ती ओरडली, नवऱ्यानं तिला धरून गरकन फिरवलं, सासूबाईंनी देवाला नाही, पण एजंटाला हात जोडले, तेही तो तिथे नसताना. बसवालीचा जीव भांड्यात पडला. मग तिच्या लक्षात आलं, मिरी कुठाय?

मिरी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. हातात आजीचा मोबाइल, पण लावलेला नाही.

"मिरे, आला गं व्हिसा!"

"आई, तो फोन मी उचलला होता."

"कुठला फोन?"

"त्या लोकांचा. आजीनं नाही. ती बाई म्हणाली, वकिलातीतून बोलतेय, आई आहे का? तू हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होतीस. मला दिसत होतीस. मी म्हटलं, ती परदेशी गेली, बरेच दिवस झाले."

"अगं, मग नियमच होता ना, बाळा. तुझी काय चूक?"

"नियम म्हणून नाही म्हटलं मी." मिरीनं मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला. "मला माहीत होतं तुझं अडेल म्हणून. आई, आता मी फोन ठेवला ना, की दारात येऊन तुला बघते. तू खरंच गेल्यावर फोन ठेवून कुठे येऊ?"

 बसवाली खाली बसली आणि मिरीला तिनं मांडीत ओढलं. मिरी आता मांडीत मावत नव्हती, पाय बाहेर लोंबत होते.

"नको जाऊ का मी?" तिनं विचारलं. विचारताना तिला खरंच उत्तराची भीती वाटली, दोन्ही उत्तरांची.

मिरीनं लोंबते पाय आत ओढून घेतले. "जा," ती म्हणाली. "पण तोपर्यंत इथे असल्यासारखी अस. तू असताना नसल्यासारखी नको करूस."

तेव्हा बसवाली जी रडली, ती तिच्या नेहमीच्या आवाजात रडली, म्हणजे अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं. शेजारच्या काकू धावत आल्या. दारात सासूबाई उभ्या होत्या. काकूंनी हळूच विचारलं, "नाकारला का हो व्हिसा?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "मिळाला." आणि त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून सुनेहून मोठ्यानं रडायला लागल्या.