मांदेलीखालचं कापड

चित्रकारांच्या मंडळाची वही मी लिहीत असे. मला चित्र येत नव्हतं, हजेरी चोख ठेवता येत होती. अर्नाळ्याला आत्याच्या घरामागच्या खोलीत चौघे बसत आणि होड्यांच्या जुन्या शिडांवर गेरू-डांबराने चित्रं काढत.

एकदा आत्याने बाहेर पडलेलं एक शीड फाटकं समजून अंगणात पसरलं आणि त्यावर मिठातली मांदेली वाळत घातली. संध्याकाळी मासे उचलले, तर गेरूत त्यांचे ठसे, तेलाचे डाग, मिठाच्या रेघा.

"आत्या, चित्र होतं ते."

"मग भिताडाला लावायचं. खाली कशाला टाकलंत?"

चौघे आधी चिडले, मग उकिडवे बसून पाहत राहिले. पुढे त्यांची सगळी चित्रं माशांखालीच झाली, आणि त्या चित्रांनी त्यांचं नाव झालं.

मासे पहिल्यांदा उमटले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात होतो. आत्या चौघांच्या दुसऱ्या एका शिडावर मांदेली घालत होती, पण कोपरा मोकळा सोडून. "हितं रिकामी जागा ऱ्हाऊ दे," म्हणाली. लांब जाऊन पाहिलं, परत येऊन तीन मासे हलवले. त्या दिवशी वहीत मी लिहिलं: उपस्थित चार.

यंदा एक अभ्यासक मुलगी या चळवळीवर पुस्तक करते आहे. चौघांतले दोघे उरलेत. ते म्हणतात, शैली अपघाताने सापडली. वही खरी असल्याची सही घ्यायला मुलगी विरारला आमच्या घरी आली. मी सही केली आणि खाली लिहिलं: खोलीत चार होते, अंगणात पाचवी होती. तिला मोजलं नाही, चूक माझी.

"काका, हे तेव्हाच्या वहीत आहे का कुठे?"

नव्हतं. आत्ता आठवून सांगितलेलं मीही कुणाचं ग्राह्य धरलं नसतं.

गेल्या महिन्यात छापायची पानं आली. आत्याला आता दिसत नाही. "वाच," म्हणाली. पाच म्हणून वाचलं असतं तर तिला कळलं नसतं. मी होतं तसं वाचलं: संस्थापक चार, आणि एका स्थानिक महिलेच्या नजरचुकीतून शैलीचा उगम.

"ती बाई कोन?"

"तू."

तिने हात पुढे करून माझ्या हातातलं पान चाचपलं.

"पयल्या दिशी चुकले. दुसऱ्या दिशी नाय चुकले," ती म्हणाली. "तू हुतास ना तिथं?"

"होतो."